ओळखीचा हात

कॅनडातल्या विंडसरहून अमेरिकेतल्या डेट्रॉइटला जाणारा बोगदा नदीच्या तळाखालून जातो. १९३० साली तो खुला झाला. लांबी जेमतेम मैलभर. गाडीत लावलेलं नाट्यगीत संपायच्या आत दुसरा देश येतो. विंडसरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही वाट सवयीची. कुणाला डेट्रॉइटच्या विमानतळावरून भारताचं विमान पकडायचं असतं, कुणाला पलीकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जायचं असतं. परतताना बोगद्याच्या विंडसरकडच्या तोंडाशी कॅनडाच्या सीमा अधिकाऱ्याची खिडकी असते. गाडीत आई आणि मूल एवढेच असले, तर अधिकारी आधी पासपोर्ट मागतो, कुठे गेला होतात, किती दिवस, असं विचारतो आणि मग थोडा वाकून मागच्या सीटवरच्या मुलाला विचारतो, ‘ही तुझी कोण?’

मूल ‘मम्मी’ म्हणतं किंवा लाजून गप्प बसतं. पुढचा प्रश्न आईला असतो. मुलाचे वडील कुठे आहेत? त्यांना हा प्रवास ठाऊक आहे का? मग पर्समधून वडिलांच्या सहीचं संमतिपत्र निघतं.

पहिल्यांदा हा प्रसंग आला की बाईला वाईट वाटतं. आपल्याच लेकराबरोबर चाललेल्या आईकडे संशयाने बघायचं? हा राग समजण्यासारखा आहे. पण तो प्रश्न त्या अधिकाऱ्याच्या मनातून आलेला नसतो. हरवलेली मुलं सीमेवर ओळखता यावीत म्हणून कॅनडाने १९८६मध्ये पोलीस, सीमाशुल्क, परराष्ट्र खातं यांना एकत्र आणणारा कार्यक्रम सुरू केला, त्याचा हा भाग आहे. आणि त्या कार्यक्रमाच्या मुळाशी एक असं सत्य आहे, जे आपल्या मनाला सहजी पटत नाही. मूल कुणी घेऊन जातं तेव्हा त्याने धरलेला हात बहुतेक वेळा ओळखीचा असतो.

मनाला हे का पटत नाही, याचं कारण विंडसरच्याच एका वस्तीत सापडतं. फोर्ड सिटी ही मोटार कारखान्याच्या आधाराने वाढलेली कामगारांची वस्ती. मे १९७१मध्ये तिथल्या एका घराबाहेर भावाबरोबर खेळत असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला एका माणसाने पैशांचं आमिष दाखवून नेलं आणि तिचा खून झाला. शेकडो लोकांची चौकशी झाली, हाती काही लागलं नाही. त्या पिढीतल्या विंडसरच्या आईबापांनी मुलांना अंगणातही एकटं सोडायचं बंद केलं असेल, तर त्यांना कोण दोष देईल? डिसेंबर २०१९मध्ये, ४८ वर्षांनी, पोलिसांनी जाहीर केलं की जपून ठेवलेल्या पुराव्यातला डीएनए आणि वंशावळीचा माग यांच्या मदतीने संशयिताची ओळख पटली आहे. तो माणूस तोवर मरण पावला होता.

महाराष्ट्रात हीच भीती कोल्हापूरच्या नावाने ओळखली जाते. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली यांनी १९९० ते १९९६ या काळात वेगवेगळ्या गावांतून तेरा मुलं पळवली. चोरी करताना गर्दीची सहानुभूती मिळावी म्हणून ती कडेवर घेतली जात आणि नकोशी झाली की त्यांतल्या काहींना मारून टाकलं गेलं. त्या बातम्या ज्यांनी तेव्हा वाचल्या, त्यांच्या मनात जत्रेतली, एसटी स्टँडवरची, देवळाच्या पायरीवरची प्रत्येक अनोळखी बाई पुढे कित्येक वर्षं संशयित राहिली. ही भीती खोटी नव्हती. तिच्यामागे खरी मुलं होती, खऱ्या आया होत्या.

पण भीती एकदा सुटी झाली की ती माणूस बघत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजारात पाच जण आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्यांनी कुणाचंही मूल नेलेलं नव्हतं. एप्रिल २०२०मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांचा जीव अशाच अफवांच्या दिवसांत गेला. हरवलेल्या मुलांविषयी नीट माहिती गोळा करणं हे काही विद्यापीठातलं कोरडं काम नाही, असं मला या दोन घटनांमुळे ठामपणे वाटतं. आकडा हाताशी नसला की त्याची जागा अफवा घेते.

तर आकडे. १९८०च्या दशकात अमेरिकेत दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे फोटो छापले जाऊ लागले आणि परक्या माणसांकडून दरवर्षी हजारो मुलं पळवली जातात अशी समजूत घट्ट झाली. नक्की किती, हे कुणीच मोजलं नव्हतं. अमेरिकी सरकारने मोजणी करवून घेतली, तीत न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. १९९९ सालासाठीचा त्यांचा अंदाज असा: वर्षभरात सुमारे आठ लाख मुलं बेपत्ता असल्याच्या तक्रारी झाल्या. घरच्याच माणसाने, म्हणजे बहुधा आईने किंवा वडिलांनी, नियम मोडून नेलेली मुलं दोन लाखांच्या वर. आणि आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतं ते अपहरण, म्हणजे अनोळखी किंवा पुसट ओळखीच्या माणसाने मूल रात्रभर डांबून ठेवणं, लांब नेणं, खंडणी मागणं किंवा मारणं, अशी प्रकरणं वर्षभरात सुमारे ११५. एवढ्या मोठ्या देशात ११५. २०११ सालासाठी ही मोजणी पुन्हा झाली तेव्हा हा आकडा १०५च्या आसपास होता.

कॅनडात हेच काम राष्ट्रीय पोलीस दलातल्या संशोधक मार्लीन डॅली यांनी केलं. पोलिसांच्या संगणकात ‘परक्याकडून अपहरण’ असा शिक्का असलेली २००० आणि २००१ या दोन वर्षांतली प्रकरणं त्यांनी एकेक करून उघडून पाहिली. तेव्हा कळलं, की त्या नोंदीत ‘परका’ म्हणजे ज्याच्याकडे मुलाचा कायदेशीर ताबा नाही असा कुणीही. त्यात काका होते, आजी होती, आईचा मित्र होता, शेजारी होते. खरोखर अनोळखी माणसाने नेलेली मुलं दोन वर्षांत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. एका रकान्याच्या नावाने केवढी भीती पसरू शकते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मग बाकीची मुलं कुठे जातात? कॅनडात दरवर्षी बेपत्ता मुलांच्या हजारो तक्रारी नोंदल्या जातात आणि त्यांतली बहुसंख्य मुलं आपल्या पायांनी घर सोडून गेलेली असतात. निम्म्याहून अधिक नोंदी एका दिवसात मिटतात, नव्वद टक्क्यांहून अधिक आठवड्याच्या आत. आईने किंवा वडिलांनी पळवून नेल्याच्या नोंदी एक टक्क्याहूनही कमी. ‘घर सोडून गेलेलं’ हा शब्द ऐकला की मोठ्यांच्या चेहऱ्यावरची काळजी थोडी कमी होते. गेलं रागावून, येईल परत. मला हीच जागा सगळ्यांत काळजीची वाटते. पळून जाणारं मूल कशापासून तरी पळत असतं: मारापासून, घरातल्याच कुणाच्या स्पर्शापासून, बालगृहातल्या जाचापासून. पुन्हा पुन्हा पळणाऱ्या मुलीची तक्रार पाचव्यांदा आली की नोंद घेणाऱ्याचा हात संथ होतो. कॅनडात आदिवासी समाजांच्या मुली आणि स्त्रिया यांच्या बाबतीत हा संथपणा दशकानुदशकं चालला. जून २०१९मध्ये त्याविषयीच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाचा अहवाल आला तेव्हा शेकडो कुटुंबांनी तेच सांगितलं होतं: आम्ही गेलो, पण आमचं कुणी मनावर घेतलं नाही.

या सगळ्यात वेळेचा हिशेब फार निष्ठुर आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९७मध्ये पूर्ण झालेल्या एका अभ्यासात, पळवून नेऊन खून झालेल्या मुलांची प्रकरणं तपासली गेली. त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचा मृत्यू पळवल्यापासून तीन तासांच्या आत झाला होता. अशी प्रकरणं फार थोडी, हे खरंच. पण कोणतं प्रकरण त्या थोड्यांपैकी आहे हे पहिल्या तासात कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून ‘चोवीस तास वाट बघा, मग तक्रार घेऊ’ हे वाक्य कुठल्याही पोलीस ठाण्यात ऐकू येता कामा नये. विंडसर ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत असा कोणताही नियम नाही. शिवाय बेपत्ता व्यक्तींविषयीचा तिथला कायदा १ जुलै २०१९पासून लागू झाला, त्याने गुन्ह्याचा पुरावा नसतानाही न्यायाधीशाच्या परवानगीने फोन, बँक यांच्या नोंदी मागवण्याचा अधिकार पोलिसांना दिला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सांगितलं, की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच आणि ते पळवलं किंवा विकलं गेलं आहे असं धरूनच तपास सुरू करायचा. त्याआधी तक्रार नुसती डायरीत लिहून ठेवली जाई. आणि १०९८ हा क्रमांक तर आपल्याकडेच जन्मला: मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी १९९६मध्ये रेल्वे स्थानकांवरच्या मुलांबरोबर काम करता करता तो सुरू केला. रात्री-अपरात्री मुलांनीच फोन करावा आणि समोरून माणूस बोलावा, एवढी साधी ती कल्पना होती.

आता प्रतिबंध. मूल पळवलं जाऊ नये म्हणून आपण काय करतो? ‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ असं बजावतो. १९८१मध्ये संशोधक शेरिल पोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं प्रत्यक्षात काय करतात, ते पाहायचं ठरवलं. पालकांना कल्पना देऊन, बालवाडीच्या आवाराजवळ संशोधकांच्याच एका अनोळखी सहकाऱ्याने मुलाशी गप्पा मारायच्या आणि मग त्याला चल म्हणायचं. आमिषं तीन तऱ्हेची. एक साधं: येतोस का फिरायला? दुसरं मोठ्यांच्या नावाने: तुझ्या बाईंनी हो म्हटलंय. तिसरं लालूच: गाडीत तुझ्यासाठी गंमत आहे. बहुतेक लहानगी निमूट निघाली. पुढे १९८८मध्ये पोश, योडर आणि मिल्टनबर्गर यांनी बालवाडी आणि पहिलीच्या मुलांवर निरनिराळ्या पद्धती ताडून पाहिल्या. नुसतं सांगणं, नुसती चित्रफीत दाखवणं आणि चित्रफीत दाखवून मुलांकडून ते प्रत्यक्ष करवून घेणं, यांत शेवटची पद्धत स्पष्टपणे सरस ठरली. ‘नाही, मला आधी बाईंना विचारायचंय’ असं मोठ्याने म्हणायचं, मागे फिरायचं, पळत जाऊन मोठ्या माणसाला सांगायचं. हे तोंडपाठ असून भागत नाही, ते पायांना पाठ व्हावं लागतं.

पोहायला शिकवताना आपण मुलाला काठावर बसवून व्याख्यान देत नाही, पाण्यात उतरवतो. इथे मात्र भाषणावर भागवतो. शिवाय ‘अनोळखी’ या शब्दाचा अर्थ सहा वर्षांच्या मुलाला काय कळतो? दाढीवाला, काळा चष्मा घातलेला, रागीट. नाव विचारून हसणारा, कुत्र्याचं पिल्लू दाखवणारा माणूस त्याच्या लेखी पाचव्या मिनिटाला ओळखीचा झालेला असतो. आणि मूल स्वतःच जत्रेत चुकलं, तर त्याला अनोळखी माणसाचीच मदत घ्यावी लागणार आहे. म्हणून कुणाची घ्यायची, हे नेमकं सांगायला हवं: गणवेशातला माणूस, दुकानाच्या गल्ल्यावरची व्यक्ती, लहान मूल बरोबर असलेली बाई. सांगून झालं की तसं करवूनही घ्यायला हवं. मंडईत गेल्यावर मुलाला विचारावं, आत्ता मी दिसेनासा झालो तर तू कुणाकडे जाशील? त्याने बोट दाखवलं की त्याच्याबरोबर त्या दुकानदारापर्यंत चालत जाऊन यावं. घरात खेळ म्हणून मामाला ‘चल, आईने बोलावलंय’ म्हणायला लावावं आणि मूल घरातला ठरलेला खुणेचा शब्द मागतं का ते पाहावं. ओळखीच्या माणसालाही ‘आधी विचारते’ म्हणायची मुभा मुलीला घरातूनच मिळाली पाहिजे. आपल्याकडे ती मिळत नाही. काकांना नाही म्हणणं म्हणजे आगाऊपणा, असं आपण तिला शिकवून बसतो.

विंडसर विद्यापीठात झालेल्या एका अभ्यासाने हाच मुद्दा थोड्या मोठ्या मुलींच्या संदर्भात पक्का केला. तिथल्या मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी बारा तासांचा एक वर्ग तयार केला. त्यात धोका ओळखणं, तो आहे हे स्वतःशी कबूल करणं आणि तोंडाने व शरीराने विरोध करणं यांचा प्रत्यक्ष सराव होता, आणि भर होता तो ओळखीच्या पुरुषांवर: मित्र, सहाध्यायी, कुणाचा तरी भाऊ. विंडसर, ग्वेल्फ आणि कॅलगरी या तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला हा वर्ग, दुसऱ्याला नेहमीसारखी माहितीपत्रकं. वर्षभराने पाहिलं तर पत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, वर्ग केलेल्या गटात ५.२ टक्के. २०१५मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात आले. पत्रकं वाटून आपलं कर्तव्य झालं असं मानणाऱ्या प्रत्येक शाळेने, प्रत्येक महाविद्यालयाने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. सेन यांनी सुरुवातीपासून एक गोष्ट बजावली आहे: दोष करणाऱ्याचाच, शिकवण मात्र मुलीच्या हाती बळ देणारी.

मूल पळवलं गेलं की मोबाइल एकदम किंचाळायला लागतो त्या ‘अँबर अलर्ट’ नावाच्या इशाऱ्याबद्दलही दोन शब्द. टेक्सासमधल्या आर्लिंग्टन इथे १९९६मध्ये अँबर हेगरमन या नऊ वर्षांच्या मुलीचं अपहरण आणि खून झाला, तिच्या नावाने ही योजना निघाली. ऑन्टारिओत ती २००३पासून आहे. अभ्यासक टिमोथी ग्रिफिन यांनी शेकडो इशारे तपासून दाखवलं, की ज्यांत मूल सुखरूप मिळालं त्यांतली बरीच प्रकरणं घरच्याच माणसाने नेल्याची होती आणि त्यांत मुलाच्या जिवाला तातडीचा धोका दिसत नव्हता. जिथे धोका खराखुरा होता, तिथे इशारा निघेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. तरीही तो इशारा बंद करावा असं मला वाटत नाही. रात्री झोपमोड झाली म्हणून तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने तर मी मुळीच नाही. त्याच्यावर विसंबून राहू नये, एवढंच.

आता बोगद्यातल्या त्या संमतिपत्राकडे पुन्हा येऊ, कारण मराठी कुटुंबांशी सगळ्यांत जवळचा भाग तोच आहे.

विंडसरच्या पलीकडे मिशिगन राज्य. डेट्रॉइटहून उत्तरेला दीड-दोन तास गाडी चालवली की सॅगिनॉ नावाचं गाव लागतं. तिथल्या न्यायालयाने १९८२मध्ये एका जोडप्याचा घटस्फोट मंजूर केला. आई अमेरिकी, वडील भारतीय. मुलाचा ताबा आईकडे, वडिलांना शनिवार-रविवारच्या भेटीचा हक्क. जानेवारी १९८६मध्ये आपल्या पाळीच्या शुक्रवारी वडील मुलाला शाळेतून घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. नोकरी सोडलेली, घर विकलेलं. मूल पुण्यात आजी-आजोबांच्या घरी पोचलं होतं. अमेरिकी वकिलातीचा अधिकारी चौकशीला पुण्यात गेला तर बापलेक काश्मीरकडे गेल्याचं सांगण्यात आलं. अखेर आईने थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. आठ वर्षांच्या त्या मुलाशी न्यायमूर्ती आपल्या दालनात बोलले. नोव्हेंबर १९८६मध्ये न्यायमूर्ती व्ही. बालकृष्ण इराडी यांनी निकाल दिला: एका देशाच्या न्यायालयाने दिलेला ताबा असा विमानात बसवून मोडता येणार नाही, मुलाला आईबरोबर परत जाऊ द्या.

भारतातले वकील आजही हा निकाल वाचतात. मला त्यातला शुक्रवार विसरता येत नाही. शाळेच्या दारात वडील उभे आहेत, मूल धावत जातं, हात धरतं. कुठलाही इशारा, कुठलीही खुणेची शिकवण इथे कामाला येणारी नव्हती.

अशा मुलांसाठीच एक आंतरराष्ट्रीय करार आहे. १९७६मध्ये हेगच्या परिषदेत एका कॅनेडियन तज्ज्ञानेच हा विषय मांडला, २५ ऑक्टोबर १९८०ला करार झाला, १ डिसेंबर १९८३पासून लागू झाला आणि पहिल्या सामील देशांत कॅनडा होता. त्याचा गाभा सोपा आहे. सोळा वर्षांखालचं मूल ज्या देशात नेहमी राहत होतं, तिथे त्याला लवकरात लवकर परत पाठवायचं. ताबा कुणाकडे असावा, हे तिथलंच न्यायालय ठरवील. म्हणजे पळवून नेल्याने आपल्या सोयीचं न्यायालय मिळत नाही. आज शंभराहून अधिक देश या करारात आहेत. भारत नाही. विधी आयोगाने २००९मध्ये सामील व्हा म्हटलं, २०१६मध्ये विधेयकाचा मसुदा सुचवला, पुढे न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीनेही अहवाल दिला. निर्णय झालेला नाही. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक. मुलाचं हित कशात आहे, ते भारतातलं न्यायालय स्वतः पाहील.

भारताच्या या संकोचाला कारण आहे आणि ते हलकं नाही. करार लिहिताना डोळ्यांपुढे होता तो मूल पळवणारा बाप. प्रत्यक्षात अभ्यासक नायजेल लोव यांच्या पाहणीत १९९९मध्ये मूल नेणाऱ्यांत ६९ टक्के आया होत्या, २०१५मध्ये ७३ टक्के. त्यांतल्या अनेकजणी मुख्यत्वे मुलाची देखभाल करणाऱ्या, आणि काही मार खाऊन पळालेल्या. लग्न करून परक्या शहरात गेलेली, नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेली, बर्फात बसचा रस्ता न कळणारी मुलगी रातोरात माहेरी आली, तर तिला ‘अपहरणकर्ती’ म्हणायचं? करारात याला एक दार ठेवलेलं आहे: परत पाठवल्याने मुलाला गंभीर धोका असेल तर न्यायालय नकार देऊ शकतं. पण ते दार अरुंद आहे आणि मार आईला बसत होता, मुलाला नाही, असं म्हणून ते पुष्कळदा बंद केलं गेलं आहे.

परत पाठवणं म्हणजे नेहमीच न्याय असं नव्हे, हे विंडसरची नदी फार आधीपासून जाणते. १८३३मध्ये थॉर्नटन आणि लुसी ब्लॅकबर्न हे गुलामगिरीतून पळालेलं जोडपं डेट्रॉइटमध्ये पकडलं गेलं, तिथल्या कृष्णवर्णीय लोकांनी त्यांना सोडवलं आणि दोघं नदी ओलांडून कॅनडाच्या काठावर आली. थॉर्नटन ज्या सँडविचला पोचला ते आज विंडसरमध्येच आहे. मिशिगनने त्यांना परत मागितलं. अप्पर कॅनडाचे नायब राज्यपाल जॉन कोलबॉर्न यांनी नकार दिला. गुलाम आणि मूल यांची तुलना मी करत नाही. पण ‘परत द्या’ अशी मागणी आली की ज्याला परत न्यायचं त्याचं तिकडे काय होणार, हा प्रश्न या काठावर तेव्हाच विचारला गेला होता. माझं मत असं आहे, की भारताने करारात यावं आणि येताना छळ झालेल्या आईसाठी ते दार रुंद करणारा स्वतःचा कायदा घेऊन यावं. बाहेर राहण्याची किंमत मुलं भरतात. ब्रिटनमधल्या अभ्यासक मॅरिलिन फ्रीमन यांनी बालपणी असं नेलं गेलेल्या ३४ जणांच्या, आता प्रौढ झालेल्यांच्या, मुलाखती घेतल्या. बहुतेकांच्या मनावरचा ओरखडा वीस-तीस वर्षांनंतरही गेलेला नव्हता. जो पालक मागे राहिला त्याच्यावर आपण प्रेम करत होतो, हेच त्यांतल्या काहींना विसरायला लावलं होतं.

म्हणून विंडसरमधल्या संसारात कुरबुर सुरू झाली असेल, तर वकील भेटण्याच्या आधी करण्याजोग्या काही गोष्टी आहेत. मुलाचे दोन्ही पासपोर्ट कुठे आहेत ते ठाऊक असावं. तिकीट काढताना परतीची तारीख लेखी असावी. ऑन्टारिओचं न्यायालय पासपोर्ट जमा करायला सांगू शकतं, पण ते मूल विमानात बसण्याआधी. आणि ज्या बाईला घरात मार बसतो आहे, तिने पळण्याआधी तिथल्या पोलिसांत, डॉक्टरांकडे, निवारागृहात त्याची नोंद करावी. पुढे न्यायालयात तिच्या बाजूने बोलणारे ते कागदच असतात.

शेवटी, शोध न सोडण्याबद्दल एक गोष्ट. मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळात त्यांच्या ठाण्यात १६६ मुली हरवल्याच्या तक्रारी आल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६५ शोधल्या. राहिली ती एक, जानेवारी २०१३मध्ये शाळेत जाताना नाहीशी झालेली सात वर्षांची मुलगी. भोसले २०१५मध्ये निवृत्त झाले, तिचा फोटो पाकिटात ठेवून शोधत राहिले, तिच्या घरी जात राहिले. ऑगस्ट २०२२मध्ये ती सापडली. मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला नेलं होतं, आणि शेवटी ती राहत होती ते ठिकाण तिच्या घरापासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर होतं. मुलगी कामाला जायची, तिथल्या एका बाईंनी तिची हकीकत ऐकून तिचं नाव इंटरनेटवर शोधलं, तेव्हा नऊ वर्षांपूर्वीचं ‘हरवली आहे’चं पत्रक समोर आलं. त्यावर पाच फोन नंबर होते. चार लागले नाहीत. पाचवा लागला. तो शेजाऱ्याचा होता.